खांबावरून घरात येणारी फायबर ड्रॉप: बॉक्स कोणता लावायचा, टोक कसं बांधायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोकणात केबल-इंटरनेटची लाइन चालवणारे, त्यांच्याकडे नव्याने कामाला लागलेली मुलं आणि कधी कधी वैतागलेले ग्राहकसुद्धा हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. उत्तरं इथल्या पावसाच्या, माडांच्या आणि गंजाच्या हिशोबाने दिली आहेत. नागपुरात काम करत असाल तर पावसाच्या जागी ऊन धरा.

१. ड्रॉप वायर म्हणजे खांबावरच्या केबलचीच बारीक बहीण ना?

दिसते तशी, स्वभाव वेगळा. खांबांवरून जाणाऱ्या मोठ्या केबलमध्ये फायबर नळीत सैल असतात. ड्रॉपमध्ये एक, फार तर दोन फायबर, आवरणात घट्ट बसवलेले. सर्रास मिळणारी चपटी ड्रॉप साधारण ५ मिमी रुंद आणि २ मिमी जाड असते. एका कडेला सुमारे १ मिमीची स्टीलची तार, मग बारीक मान, मग मधोमध फायबर आणि त्याच्या दोन्ही अंगांना एकेक काडी, स्टीलची किंवा एफआरपीची (काचतंतू घातलेल्या प्लॅस्टिकची). ओढ सहन करायची ती तारेने. काड्या फायबरला चेपण्यापासून वाचवतात. फायबर म्हणजे १२५ मायक्रॉनची काच, कोटिंगसकट २५०. त्याच्याकडून ताकदीची अपेक्षा करायचीच नाही.

घेताना आत जी.६५७ए फायबर आहे ना, ते विचारा. ए१ जातीचा १० मिमी त्रिज्येचं वळण सोसतो, ए२ साडेसात मिमीचं. घराच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीत वायर वळते तिथे हा फरक कळतो.

२. क्लोजर, फॅट बॉक्स, डीबी, रोझेट: ही एकाच वस्तूची नावं आहेत का?

नाही. क्लोजर, म्हणजे जॉइंट बॉक्स, मोठ्या केबलचा जोड झाकतो आणि एकदा बंद केला की शक्यतो उघडायचा नसतो. फॅट बॉक्स किंवा डीबी म्हणजे खांबावरची दाराची पेटी. तिच्यात एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा स्प्लिटर असतो आणि ८ किंवा १६ घरांच्या ड्रॉप तिथून निघतात. रोझेट ही ग्राहकाच्या भिंतीवरची छोटी डबी. दुकानदार तिन्हींना ‘बॉक्स’ म्हणतो, म्हणून ऑर्डर देताना घोळ होतो.

३. खांबावर डोम (घुमटासारखा क्लोजर) लावू की दाराचा बॉक्स?

त्या जागी वर्षातून किती वेळा हात घालावा लागणार, एवढंच आधी ठरवा.

केबल पुढे जाते, फक्त जोड आहे, ग्राहक नाही, अशा ठिकाणी डोम. तोंड खाली, केबल खालून आत. वर गुंबद असल्यामुळे पाणी साचायला जागाच नाही. खालचं रबर नीट बसलं असेल तर डोम वर्षानुवर्षं तक्रार करत नाही.

नवी घरं जोडायची आहेत, जुनी बंद करायची आहेत, तक्रार आली की पोर्ट बदलायचा आहे, तिथे डोम लावलात तर दर वेळी तो खाली उतरवून क्लॅम्प सोडायचा, ट्रे उलटायचा आणि सगळं परत बसवायचं. भर पावसात शिडीवर उभा असलेला मुलगा हे नीट करणार नाही. करू शकत नाही, दोष त्याचा नाही. अर्धा बसवलेला डोम स्वस्तातल्या दाराच्या बॉक्सपेक्षा वाईट. तिथे दाराचाच बॉक्स लावा. फक्त स्प्लायसिंगचा (फायबर वितळवून जोडण्याचा) ट्रे आणि ग्राहकांचे अॅडॅप्टर (कनेक्टर जिथे खुपसतात ते) वेगवेगळ्या मजल्यांवर असतील असा घ्या. ग्राहकाची वायर काढताना मुख्य फायबरला कोपर लागून अख्खी वाडी बंद पडल्याचं मी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहिलं आहे.

डोम असो वा पेटी, मोठ्या केबलचा १०-१५ मीटर लूप खांबावर ठेवा, म्हणजे जोड जमिनीवर आणून करता येतो. खांबाला टेकून, दातात टॉर्च धरून केलेलं स्प्लायसिंग कधी ना कधी परत करावं लागतं.

४. आयपी ६५ पुरतो की ६८च हवा?

पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही. ५ म्हणजे पाण्याची धार झेलतो, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास, ८ म्हणजे त्याहून कडक, बनवणाऱ्याने जाहीर केलेल्या अटींनुसार सतत बुडालेला. खांबावर १५ फुटांवरचा बॉक्स बुडणार नाही, त्याला ६५ पुरे. जमिनीतल्या चेंबरला ६८.

अपवाद नदीकाठचा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले. अशा भागात इमारतीच्या जिन्याखाली किंवा मीटरच्या खोलीत बॉक्स लावत असाल तर एक तर तो वरच्या मजल्यावर न्या, नाही तर ६८चा क्लोजर लावा. आणि आकडा कागदावरचा असतो हे विसरू नका. तो टिकतो की नाही हे प्रश्न ५ मधल्या रबरावर ठरतं.

५. चांगला बॉक्स घेऊनही आत पाणी येतं. सिलिकॉन भरू का?

आधी खालची भोकं बघा. बॉक्ससोबत येणारं रबर बहुतेक वेळा गोल केबलसाठी असतं आणि आपण त्यातून चपटी ड्रॉप घालतो. गोल भोकात चपटी पट्टी, दोन्ही बाजूंना फट. पाणी तिथून केशिकेसारखं वर चढतं. चपट्या ड्रॉपसाठी वेगळं, फटीसारख्या भोकाचं रबर मिळतं. ते मागा. रिकाम्या भोकांना बूच लावा. दहा रुपयांचं बूच हरवलं म्हणून स्प्लिटर भिजू देऊ नका.

दुसरं कारण न दिसणारं. दुपारी बॉक्स तापतो, आतली हवा फुगून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली की तो एकदम थंड होतो आणि ओली हवा आत ओढतो. आता या हवेबरोबर पाणी ओढलं जायला नको असेल तर वायर बॉक्समध्ये शिरण्याआधी खाली झोळ द्या, हातभर पुरे. वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकतं, आत चढत नाही. हीच युक्ती घराच्या भिंतीतल्या भोकापाशी.

सिलिकॉनचं म्हणाल तर शेवटचा उपाय म्हणून, तोही बाहेरून. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याचशा सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो. ते सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं, त्याने आतला धातू गंजतो. शिवाय पुढच्या वेळी बॉक्स उघडणारा सुरीने खरवडणार आणि सुरी फायबरला लागणार.

६. ड्रॉपचं टोक बांधायचे प्रकार किती?

कामापुरते चार. पहिला, तयार पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेला फायबरचा तुकडा) आणून ड्रॉपच्या फायबरला मशीनवर स्प्लाइस करणं. एका चांगल्या जोडाला ०.०५ डीबीच्या आसपास नुकसान (इथे डीबी म्हणजे डेसिबल, प्रश्न २ मधला बॉक्स नव्हे). दुसरा, स्प्लाइस-ऑन कनेक्टर: मशीनचाच जोड, पण कनेक्टरच्या पोटात, त्यामुळे वेगळा ट्रे लागत नाही. तिसरा, फास्ट कनेक्टर: मशीन नाही, फायबर कापून आत सरकवायचा आणि बटण दाबायचं. ०.३ ते ०.५ डीबी धरा. चौथा, कारखान्यात दोन्ही टोकं बांधून आलेली ड्रॉप. ही उत्तम, पण लांबी आधी मोजून मागवावी लागते आणि उरलेलं वेटोळं कुठे तरी लपवावं लागतं. कोकणातल्या घरांचं अंतर एकसारखं नसतं. रस्त्यापासून एक घर २० मीटरवर, शेजारचं आगरातून १४० मीटरवर. म्हणून ही पद्धत आपल्याकडे सोसायट्यांपुरतीच बरी.

७. मग फास्ट कनेक्टर वाईट का? सगळे तोच वापरतात.

वाईट नाही, जागा चुकते. माझा नियम साधा: खांबाकडचं टोक मशीनने, घरातलं टोक फास्ट कनेक्टरने चालेल. खांबावर ऊन, ओल, वारा, वरून शिडी लावायची. तिथला बिघाड महाग. घरात कनेक्टर सावलीत बसतो आणि बिघडला तर चप्पल काढून आत गेलं की काम होतं.

मशीन महाग आहे, ही तक्रार ऐकतो. पण हिशोब कनेक्टरच्या किमतीचा मांडतो आपण, आणि खर्च होतो तो पेट्रोलचा, पोराच्या अर्ध्या दिवसाचा आणि ग्राहकाच्या शिव्यांचा. एका टोकासाठी दुसऱ्यांदा खांबावर चढलात की मशीनचा जोड टाळून वाचवलेले पैसे गेले.

अपवाद: त्याच फायबरवर १५५० नॅनोमीटर तरंगलांबीवर केबल टीव्हीही देत असाल तर घरातलं टोकसुद्धा मशीननेच. फास्ट कनेक्टरच्या जोडातून थोडा प्रकाश परततो. त्याने काय बिघडतं ते प्रश्न ९ मध्ये.

८. लावला तेव्हा पॉवर (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची) छान होती, मे महिन्यात गेली. फास्ट कनेक्टर खराब निघाला का?

तीन शक्यता, आणि तिसरीच बहुतेकदा खरी.

एक, आतली जेल. फायबरच्या दोन तोंडांमधली सूक्ष्म फट भरायला कनेक्टरमध्ये जेल असते. उष्णतेने ती सुकते किंवा सरकते आणि फट उघडी पडते.

दोन, वायरचं आकसणं. प्लॅस्टिकचं आवरण तापून-थंड होऊन थोडं आखडतं, फायबर आखडत नाही. त्यामुळे कनेक्टरमध्ये फायबर पुढेमागे सरकतो, जणू दट्ट्या. काड्या कनेक्टरच्या शेपटीत नीट पकडल्या नसतील तर हे जास्त.

तीन, कापच वाईट होता. पन्नास रुपयांच्या सुरीने किंवा पातं बोथट झालेल्या क्लीव्हरने (फायबर कापायच्या हत्याराने) कापलेलं तोंड तिरकं असतं. जेल त्यावर काही दिवस पांघरूण घालते. जेल हलली की खरं रूप दिसतं. क्लीव्हरचं पातं फिरवायचं असतं, ते वर्षभर एकाच खुणेवर चालवू नका. काप कनेक्टरसोबत आलेल्या मापपट्टीवरच घ्या, अंदाजाने नाही. आणि कापल्यावर तोंड पुसू नका. पुसायचं ते कापण्याआधी, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने. सॅनिटायझर चालत नाही, त्यात पाणी आणि इतर पदार्थ असतात.

९. हिरवा की निळा कनेक्टर? बसतात तर दोन्ही.

बसतात, म्हणूनच घात होतो. निळ्याचं, यूपीसीचं, तोंड सरळ घासलेलं असतं. हिरव्याचं, एपीसीचं, ८ अंश तिरकं. हिरवा निळ्यात घातला की दोन तोंडांमध्ये पाचर राहते, काही डीबी जातात आणि तोंडं खरचटतात. तिरकं तोंड परतणारा प्रकाश बाजूला फेकतं. केबल टीव्हीचा सिग्नल या परतणाऱ्या प्रकाशाने फार बिघडतो, चित्रात दाणे येतात. म्हणून टीव्ही असेल तिथे सगळीकडे हिरवा. नुसतं इंटरनेट निळ्यावरही चालतं, पण दोन रंगांचा साठा ठेवणं म्हणजे चुकीला आमंत्रण. अख्खी लाइन हिरव्या रंगाची करा. शेवटी ओएनटीचा (ग्राहकाच्या घरातल्या फायबर मोडेमचा) पोर्ट निळा असेल तर एका टोकाला हिरवा, दुसऱ्याला निळा अशी पॅच कॉर्ड लावा.

१०. घरात पॉवर किती यायला हवी?

जीपॉनच्या (एका फायबरवरून अनेक घरांना नेट देण्याच्या पद्धतीच्या) बी प्लस जातीत ओएनटी उणे २७ डीबीएमपर्यंत (डीबीएम हे पॉवरचं माप) ऐकू शकतो. त्याच्या काठावर राहू नका, उणे २४-२५ च्या पुढे गेलं की शोध घ्या. दुसऱ्या बाजूला उणे ८ पेक्षा जास्त पॉवरही चालत नाही, ओएनटीचे डोळे दिपतात. ओएलटीच्या (लाइन जिथून सुरू होते त्या ऑपरेटरच्या यंत्राच्या) शेजारच्या घरात बिनस्प्लिटर लाइन दिली की हे होतं. तिथे पॉवर कमी करणारा अॅटेन्युएटर लावायचा.

हिशोबाचं उदाहरण घ्या. ओएलटीतून +३ डीबीएम निघाली. ३ किमी फायबर, किलोमीटरला ०.३५ धरून सुमारे १ डीबी. एकामागोमाग दोन १:८ चे स्प्लिटर, प्रत्येकी साडेदहा, म्हणजे २१. चार कनेक्टर प्रत्येकी ०.३, म्हणजे १.२. सहा स्प्लाइस प्रत्येकी ०.०५, म्हणजे ०.३. एकूण साडेतेवीस गेले, घरात उणे साडेवीसच्या आसपास यायला हवेत. उणे २३ आले तर ‘चालतंय ना’ म्हणून सोडू नका. अडीच डीबी कुठे तरी सांडतायत, आणि ती जागा पावसात मोठी होणार.

हिशोबात पिळवटून निघतं ते स्प्लिटरपाशी. जोडाला ०.०५ की ०.४ यावर रात्रभर वाद घालणारे तिसरा स्प्लिटर मुकाट लावून मोकळे होतात.

११. स्टीलची तार कुठपर्यंत ठेवायची? कुणी घरात नेतात, कुणी खांबावरच कापतात.

खांबाच्या क्लॅम्पपासून घराच्या भिंतीवरच्या हुकापर्यंत. तिथे मान फाडून तार वेगळी करा, तार क्लॅम्पमध्ये आवळा, आणि फायबरवाला भाग सैल आत न्या. ताण फायबरवर येता कामा नये. तारेला गाठ मारून खिडकीच्या गजाला बांधणं हे बांधणं नव्हे.

तार घरात नेऊ नका. ती धातू आहे, वीज पडली किंवा विजेच्या वायरला चिकटली तर थेट ओएनटीपर्यंत रस्ता मिळतो. कापलेल्या टोकाला टोपी किंवा टेप लावा. समुद्राच्या खाऱ्या हवेत उघडं टोक गंजतं आणि गंज आवरणाखालून पुढे सरकतो.

१२. विजेच्या खांबावरून नेली तर चालेल का?

खांब ज्याचा त्याची लेखी परवानगी हवी, मग तो महावितरणचा असो वा ग्रामपंचायतीचा. दूरसंचार मार्गाधिकार नियम, २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. परवानगीचा अर्ज त्या चौकटीतच करायचा. ‘आजवर कुणी विचारलं नाही’ हे उत्तर लाइनमनने वायर कापल्यावर कामाचं नाही.

तांत्रिक उत्तर असं की विजेच्या तारांच्या शेजारी स्टीलवाली ड्रॉप नकोच. काड्या आणि आधाराची दोरी दोन्ही एफआरपीच्या असलेली, पूर्ण बिनधातूची ड्रॉप मिळते. थोडी महाग. ऑक्टोबरच्या गडगडाटात ज्यांच्या आगरात नेहमी वीज पडते त्यांनाही तीच द्या.

१३. दोन खांबांत किती अंतर चालतं, आणि उंची?

१ मिमी तारेच्या चपट्या ड्रॉपला ३० ते ५० मीटर. त्यापुढे मध्ये बांबू नको, खांब उभारा, किंवा एडीएसएससारखी (स्वतःचा भार स्वतः पेलणारी) जाड केबल घ्या. अगदी ताठ ओढू नका, थोडा झोळ हवा.

उंची ठरवताना रस्त्यावरून वर्षभरात सगळ्यात उंच काय जातं ते आठवा. आपल्याकडे शिमग्याला वाजतगाजत आणलेली होळी, भाद्रपदात टेम्पोवरचा गणपती. घाटावर उसाची भरलेली ट्रॉली. चतुर्थीच्या आठवडाभर आधी मिरवणुकीच्या वाटेने एकदा चक्कर मारा. नाही तर कुणी तरी बांबूने वायर वर उचलतो, आणि त्या उचलण्यात क्लॅम्प निसटतो.

एक उलटी गोष्टही सांगतो. ड्रॉप तुटूच नये अशी बांधू नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माड वायरवर पडले. अशा वेळी ड्रॉप तुटली तर बरं, ती न तुटता खांब किंवा भिंतीचा कोपरा घेऊन आली तर नुकसान मोठं.

१४. मध्येच तुटली. जोडू की पूर्ण बदलू?

१०० मीटरच्या आत असेल तर बदला. अधांतरी लोंबणारा जोड, टेपमध्ये गुंडाळलेला, हे सगळ्यात जास्त परत येणारं काम. लांब असेल तर जोड खांबापाशी आणा, छोट्या क्लोजरमध्ये, दोन्ही बाजूंची स्टीलची तार वेगळी बांधून. त्या जागेची नोंद ठेवा.

१५. तपासणीच्या लाल पेनचा लाइट घरात दिसतो, तरी ओएनटीवर लाल दिवा. मग बिघाड कुठे?

लाल पेनचा प्रकाश साधारण ६५० नॅनोमीटरचा. तो घरात दिसला म्हणजे फायबर पूर्ण तुटलेला नाही, एवढंच. किती डीबी गेले हे तो सांगत नाही. पॉवर मीटर १४९० वर लावून मोजा. पेनचा खरा उपयोग बॉक्समध्ये: काच जिथे चिरली तिथे लाल ठिपका उजळतो. पेन डोळ्यासमोर धरू नका. चालू फायबरचा प्रकाश तर दिसतही नाही, तरी डोळ्याला बाधतो.

१६. पाऊस आला की नेट जातं, थांबला की येतं. सगळं तपासलं, काही सापडत नाही.

ऊन पडल्यावर तपासायला जाता, म्हणून सापडत नाही. पाऊस पडतानाच घरातली पॉवर बघून ठेवा. ग्राहकालाच ओएनटीच्या पानावरचा आकडा पाहायला शिकवा.

पाऊस सुरू होताच काही मिनिटांत पडत असेल तर बहुधा ओली झावळी वायरवर टेकते किंवा वायर वाऱ्याने कडेला घासून वाकते. हे ओळखायची खूण: वळणाचं नुकसान लांब तरंगलांबीवर जास्त दिसतं. १३१० वर ठीक आणि १५५० वर वाईट आलं तर वळण शोधा, दोन्हींवर सारखंच वाईट आलं तर जोड किंवा कनेक्टर.

सरी पडून तास-दोन तासांनी पडत असेल आणि सुकायला दिवस लागत असेल तर अॅडॅप्टरमध्ये पाणी गेलंय. प्रश्न ५ कडे परत जा. कनेक्टर बाहेर काढून पुसा, अॅडॅप्टर बदला. पुसून तात्पुरतं चालेल, पण पाण्याबरोबर आलेली माती तोंडाला ओरखडे पाडून गेलेली असते.

१७. घरातली पांढरी वायर थोडी बाहेर राहिली तर?

एका उन्हाळ्यानंतर विचारा. उन्हात टिकायला आवरण काळंच हवं. पांढऱ्याला चिरा जातात. पांढऱ्या नायलॉनच्या टायचंही तेच.

१८. बॉक्समध्ये मुंग्या, पाली, गांधीलमाशा. काय फवारायचं?

काही फवारू नका, तेलकट थर कनेक्टरवर बसतो. प्रश्न ५ मधली बुचं लावली की निम्मं काम झालं. उघडण्याआधी काठीने दोनदा टकटक करा, मग एका बाजूला उभं राहून दार उघडा. खार वायर कुरतडते, तिच्या येण्याजाण्याच्या जागी वायरवर प्लॅस्टिकची नळी घाला. वानरांवर उपाय नाही. ती ज्या वायरवर झोके घेतात ती झाडापासून लांब न्या.

१९. काढलेला बॉक्स दुसरीकडे लावता येतो का?

पेटी येते, रबर नाही. एकदा दाबलं गेलेलं रबर दुसऱ्यांदा तसं बसत नाही. रबरांचा संच वेगळा मिळतो, तो घेऊन मगच लावा. आतल्या जुन्या खुणा पुसून नव्या लिहा. फायबरच्या रंगांचा क्रम निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आकाशी असा आहे. कुठला रंग कुठल्या घराकडे गेला हे दाराच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहा, तारखेसकट. कागद चिकटवू नका, झुरळं खातात.